बांदा, अमरकंद आणि सीतेची वेणी : नागपूर ते चिखलदरा, सहा दिवस

पहिला दिवस, शुक्रवार : इतवारी आणि रामटेक

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातील शुक्रवारी सकाळी साडेदहाला आम्ही तिघे नागपूरच्या इतवारीत, किराणा ओळीतील एका जुन्या काष्ठौषधींच्या दुकानासमोर उभे होतो. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, माझी मैत्रीण आयुर्वेदाची वैद्य आहे आणि माझा भाचा रानफुलांची छायाचित्रे काढतो. चिखलदऱ्याच्या डोंगरावरील आमरी, म्हणजे ज्यांना आपण सर्रास ऑर्किड म्हणतो त्या वनस्पती, पाहण्यासाठी आम्ही निघणार होतो. पण ज्या कंदांसाठी डोंगर खणले जातात ते कंद शेवटी ज्या बाजारात येऊन पडतात तो बाजार आधी पाहावा, असा मैत्रिणीचा आग्रह होता आणि तो योग्यच होता.

दुकानदार काकांनी सालमपंजाची बरणी उघडून चारसहा वाळलेले कंद कागदावर ठेवले. पिवळट पांढरे, कडक आणि खरोखरच लहान मुलाच्या पंजासारखे दिसणारे ते कंद होते. "पाच बोटं पुरी असली तरच गुण येते जी, तीन बोटांचा घेऊ नका," असे त्यांनी आम्हाला मनापासून सांगितले. ही वनस्पती, डॅक्टिलोरायझा हटागिरिया, आपल्या सातपुड्यात उगवत नाही. हिमालयात सुमारे अडीच हजार ते पाच हजार मीटर उंचीवरील ओल्या कुरणांत ती वाढते, उन्हाळ्याच्या अखेरीस तिला जांभळट गुलाबी फुलांचा तुरा येतो, आणि तेथून दीड हजार किलोमीटर खाली येऊन ती नागपूरच्या बरणीत बोटे मोजून विकली जाते. कंद पंजासारखा आहे म्हणून तो अंगात बळ आणतो, ही समजूत आपल्याकडचीच नाही. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक अभ्यासक थिओफ्रास्टस याने अशाच एका वनस्पतीच्या जोडकंदांतील मोठा कंद कामेच्छा वाढवतो आणि लहान कंद ती कमी करतो, असे लोक मानत असल्याचे नोंदवले होते. 'ऑर्किड' हे नावच ग्रीक भाषेतील वृषणवाचक शब्दावरून आले आहे.

त्या जोडकंदांची खरी गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि मला ती कोणत्याही समजुतीपेक्षा अधिक विलक्षण वाटते. दोन कंदांपैकी एक गेल्या वर्षीचा असतो; यंदाचे पान आणि फूल त्याने पोसलेले असते आणि म्हणून तो सुरकुतत जातो. दुसरा, भरलेला आणि टणक, हा पुढच्या वर्षीच्या रोपासाठी साठवलेला असतो. बाजाराला तो भरलेलाच कंद हवा असतो. म्हणजे खणणारा माणूस यंदाचे फूल तर मोडतोच, पण पुढच्या वर्षीचे रोपही पोत्यात भरून नेतो. तुर्कस्तानात सालेप नावाचे दाट पेय आणि आइस्क्रीम याच कुळातील कंदांच्या पिठापासून करतात, आणि एक किलो पिठासाठी हजाराहून अधिक कंद लागतात. काकांच्या बरणीकडे पाहताना ते गणित माझ्या मनातून जाईना.

मैत्रिणीने मग अष्टवर्गाची चौकशी केली. च्यवनप्राशाच्या पाठात येणाऱ्या या आठ औषधींपैकी जीवक, ऋषभक, ऋद्धी आणि वृद्धी या चार हिमालयातील आमरी मानल्या जातात. काका म्हणाले, "खरं जीवक आमच्या बाबांनीच पाह्यलं असन तर असन." यात त्यांनी काही लपवले असे मला वाटत नाही. सोळाव्या शतकातील भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथातच म्हटले आहे की अष्टवर्ग राजांनाही दुर्लभ असल्यामुळे वैद्याने त्याच गुणांची प्रतिनिधी द्रव्ये घ्यावीत. जीवक आणि ऋषभक यांच्या जागी विदारीकंद, ऋद्धी आणि वृद्धी यांच्या जागी वाराहीकंद, मेदा आणि महामेदा यांच्या जागी शतावरी, काकोली आणि क्षीरकाकोली यांच्या जागी अश्वगंधा. मैत्रिणीने हे घडाघडा म्हणून दाखवले आणि म्हणाली, "चारशे वर्षांपूर्वीच्या वैद्याने पर्याय लिहून ठेवला आहे. तरीही 'अस्सल तेच द्या' असा हट्ट धरणारे रुग्ण माझ्याकडे येतात, आणि त्यांना तो हट्ट म्हणजेच परंपरा वाटते." पुढचे पाच दिवस हे वाक्य माझ्याबरोबर फिरत राहिले.

आम्ही उभे असतानाच एका गृहस्थांनी हळू आवाजात हत्थाजोडी आहे का, असे विचारले. काकांनी स्पष्ट नकार दिला, हे मला येथे आवर्जून लिहावेसे वाटते. हिमालयातील काही भागांत सालमपंजालाच हत्थाजडी म्हणतात. पण धनलाभासाठी तिजोरीत ठेवायची मुळी म्हणून हत्थाजोडी या नावाने जे विकले जाते ते बहुधा नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय असते. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. दोन नावांत एका अक्षराचा फरक, आणि त्यात एका प्राण्याचा जीव जातो.

दुपारी रामटेकजवळ मामाजींच्या शेतावर गेलो. धानाची रोवणी चालू होती. धुऱ्यावरील, म्हणजे शेताच्या बांधावरील, जुन्या मोहाच्या झाडावर माझ्या लहानपणापासून व्हँडा टेसेलाटा या आमरीचा मोठा झुबका होता. पट्ट्यासारखी जाड पाने, करंगळीएवढी लोंबती मुळे आणि पिवळसर तपकिरी चौकडीच्या पाकळ्यांमध्ये निळसर जांभळी जीभ असलेली सुवासिक फुले. वनस्पतिशास्त्राकडे मी वळले ती या फुलांमुळे. गेल्या उन्हाळ्यात मामाजी गावाला गेले असताना सालदाराने तो झुबका कोयत्याने साफ केला होता. "बांदा झाडाचा रस पिते म्हनून तोडला जी," असे तो मला पुन्हा म्हणाला, आणि त्याच्यावर रागावण्याचे मला काही कारण नव्हते. बांडगूळ खरोखरच झाडाच्या फांदीत मुळे घुसवून रस ओढते आणि ते काढावेच लागते. व्हँडा मात्र फक्त फांदीला धरून बसते. तिची मुळे हवेतील ओलावा आणि सालीवर साचलेला पालापाचोळा यांवर जगतात. पण विदर्भातील शेतकऱ्यासाठी झाडावर उगवलेले सारेच बांदा. संस्कृताचा अभ्यासक विलियम जोन्स याने अठराव्या शतकाच्या अखेरीस या प्रजातीला शास्त्रीय नाव दिले तेव्हा त्याने संस्कृतातील 'वंदा' हाच शब्द उचलला होता, आणि आपला बांदा त्याच शब्दाचा भाऊ आहे. जो शब्द उच्चारून कोयता उचलला गेला, तेच त्या वनस्पतीचे जगभर मान्य असलेले नाव आहे.

खालच्या एका फांदीच्या बेचक्यात मुळांचा एक तुटका गड्डा शिल्लक होता. त्याला दोन पाने होती. भाच्याने त्याचे छायाचित्र घेतले आणि आम्ही नागपूरला परतलो.

दुसरा दिवस, शनिवार : घाट

पहाटे साडेपाचला निघून कोंढाळी, तळेगाव, तिवसा करत अमरावतीला न्याहारी केली, आणि परतवाड्याला आवश्यक त्या परवानगीचे काम आटोपून दुपारी घाट चढू लागलो. सागाची पाने जून झाली होती. वर चढता चढता हवा गार होत गेली आणि साधारण एक हजार मीटरच्या पुढे ढग रस्त्यावर उतरले. गाविलगडच्या या डोंगररांगेचे वैशिष्ट्य हेच आहे की खाली वऱ्हाडाची काळी, तापलेली जमीन आणि वर अकराशे मीटरवर, वर्षातील चार महिने का होईना, ओलसर धुक्याची हवा मिळते. झाडावर जगणाऱ्या आमरींना नेमके तेवढेच हवे असते.

संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणापासून थोडे चालत गेल्यावर, रस्त्याकडेच्या एका जुन्या जांभळीवर, मला हवी होती ती आमरी दिसली : एरिडीस मॅक्युलोसा. फिकट गुलाबी, जांभळ्या ठिपक्यांची फुले भरलेली माळ फांदीखाली कललेली होती आणि पावसाच्या वासातूनही तिचा गोड वास वेगळा कळत होता. भाच्याला मी मुळांवर थोडे पाणी शिंपडून दाखवले. चांदीसारखी पांढुरकी मुळे पाहता पाहता हिरवी झाली. मुळांवरचे मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण पाणी शोषून पारदर्शक होते आणि आतला हिरवा थर दिसू लागतो; म्हणजे ही वनस्पती मुळांनीसुद्धा प्रकाशापासून अन्न तयार करते. दुसऱ्याचा रस पिऊन जगणाऱ्याला एवढा खटाटोप करावा लागला नसता.

दुधाची कॅन घेऊन जाणाऱ्या एक गवळी समाजातील आजी आमच्यापाशी थांबल्या. "सीतामाईची वेनी हाय ते. रावन घेऊन चालला तवा झाडाले अडकली," त्या म्हणाल्या. पुस्तकांत सीतेची वेणी हे नाव रिंकोस्टायलिस रेटुसा या दुसऱ्या आमरीला दिलेले आढळते, जी आसामात कपौ फूल म्हणून बिहूच्या वेळी स्त्रिया केसांत माळतात. पण आजींनी केलेला उपयोग मला चुकीचा वाटला नाही. झाडाच्या उंच फांदीवर, मातीशी संबंध न ठेवता, वेणीसारखे लोंबणारे फूल तेथे कसे आले, या प्रश्नाला त्यांनी दिलेले ते उत्तर होते. "तोडता का तुम्ही?" असे मी विचारले. त्यांनी कानाला हात लावला. "सीतामाईची वेनी कोन तोडन बाई?"

तिसरा दिवस, रविवार : भुमका

या दिवशी आम्ही नेमके कोठे गेलो हे मी लिहिणार नाही. दुर्मिळ आमरींच्या जागा छापल्या गेल्या की पाठोपाठ खणणारे पोचतात, हा या क्षेत्रात काम करणाऱ्या सर्वांचा अनुभव आहे, आणि भाच्यानेही छायाचित्रांतील स्थाननोंद काढून टाकण्याची सवय लावून घेतली आहे. मेळघाटाच्या बाह्य भागातील एका कोरकू गावातून निघून सुमारे चार तास डोंगरात फिरलो, एवढे पुरे.

आमच्याबरोबर गावातील भुमका होते. कोरकू समाजात भुमका म्हणजे देवाचे करणारा आणि औषध देणाराही. वयाने सत्तरीच्या आसपासचे, अंगाने सडसडीत आणि बोलायला अतिशय मोजके असे हे बाबा आधी आमच्यावर फारसे प्रसन्न नव्हते. ओढ्याकाठी थांबल्यावर त्यांनी विचारले, "न्यायला आले का पाहायला?" मैत्रिणीने पाहायला म्हटल्यावर त्यांनी तिच्या रिकाम्या पिशवीकडे पाहिले, आणि मग पुढे चालू लागले.

पहिला अमरकंद त्यांनी दाखवला तो बांबूच्या बेटाजवळ. युलोफिया प्रजातीच्या काही जमिनीवरच्या आमरींना आपल्याकडे अमरकंद म्हणतात. फुलाचा दांडा वाळून त्यावर हिरवी बोंडे धरली होती आणि बाजूने घडीदार पाने वर आली होती. बाबांनी बोटाने भोवतीची माती थोडी बाजूला केली. खाली कंद एकाला एक लागून, ओवलेल्या मण्यांसारखे होते. गळ्याच्या गाठींवर आणि बाळंतिणीच्या अशक्तपणावर आपण हा कंद देतो, असे ते म्हणाले. मण्यांसारखा आहे म्हणून गळ्याला, असा संबंध त्यांनी स्वतःच सांगितला, आणि मला इतवारीतले पाच बोटांचे गणित आठवले. कंद उकळून, त्याचा चीक काढून, पूर्वी टंचाईच्या दिवसांत तो खाल्लाही जात असे.

मी विचारले, कधी काढता? याचे उत्तर त्यांनी जवळजवळ अर्धा तास दिले, आणि या सगळ्या प्रवासातील सर्वांत मोलाचे जे काही मी ऐकले ते हे होते. पाने पूर्ण वाळल्याशिवाय कंदाला हात लावायचा नाही. आदल्या संध्याकाळी जाऊन पिवळ्या तांदळाचे दाणे ठेवून झाडाला नेवता, म्हणजे आमंत्रण, द्यायचा, आणि कोणासाठी हवे आहे ते सांगायचे. दुसऱ्या दिवशी, रविवारी किंवा मंगळवारी, सूर्य उगवण्यापूर्वी, कोणाशी न बोलता जायचे. लोखंड लावायचे नाही, लाकडाच्या खुंटीनेच उकरायचे. माळेतील मागचे कंद घ्यायचे, पुढचा, कोंब असलेला, तसाच ठेवायचा, कारण "तो घरधनी हाय, त्याले उठवलं तर घर बसते." माती परत लोटायची. ज्याच्यासाठी नेवता दिला त्याच्यापुरतेच घ्यायचे. उरले तर ते औषध उलटते.

यातील एकेक गोष्ट मी नंतर वहीत लिहिली तेव्हा तिची दुसरी बाजू दिसू लागली. पाने वाळेपर्यंत थांबले की बोंडे फुटून बी उडून गेलेले असते. नेवत्यामुळे माणूस एका वेळी एकाच रुग्णासाठी जातो. लाकडी खुंटीने खोल खणता येत नाही आणि मुळांची फारशी नासधूस होत नाही. कोंबाचा कंद राहिला तर पुढच्या पावसात झाड उठते. हे नियम कोणी मुद्दाम निसर्गरक्षणासाठी बसवले असतील असे मला म्हणायचे नाही, आणि मंगळवारी काढलेला कंद बुधवारच्या कंदापेक्षा गुणकारी असतो असेही मी मानत नाही. पण हे सारे एका विणीत आहे. त्यातले हवे ते सूत ओढून घेतले की उरलेली वीण उसवते.

ओढले गेले आहे ते नेमके हेच. बाबा सांगत होते की अधूनमधून बाहेरचे कोणी येते आणि पोरांना किलोच्या भावाने कंद आणायला सांगते. पोरे पावसाळ्यात, फुले असतानाच खणतात. हा आडमुठेपणा नाही. जमिनीवरची आमरी वर्षातील थोडेच दिवस वर दिसते आणि पाने वाळल्यावर तिची जागा ओळखणे जवळजवळ अशक्य असते. थंडीत कंद काढायचा तर पावसाळ्यात जागा पाहून ठेवावी लागते. बाबा तेथे तीन दगडांची खूण करतात. कोणत्या झाडाजवळ, कोणत्या वर्षी, कोणासाठी, हे त्यांच्या डोक्यात असते. किलोने खणणाऱ्याला हे ज्ञान नसते, आणि म्हणून तो फूल दिसते तेव्हाच, म्हणजे सर्वांत वाईट वेळी, येतो. औषधाची ख्याती बाजाराने घेतली आणि थांबण्याचा नियम भुमक्यापाशी ठेवला.

बी उडून जाण्याला मी एवढे महत्त्व का देते, हे भाच्याने विचारले. आमरीचे बी धुळीच्या कणाएवढे असते. एका बोंडात ते हजारोंनी, काही जातींत लाखांनी भरते, पण त्यात रोपासाठी अन्नसाठा जवळपास नसतोच. योग्य ती बुरशी भेटली आणि तिने अन्न पुरवले तरच ते रुजते. हे नोएल बर्नार या फ्रेंच संशोधकाने १८९९ मध्ये उलगडले, आणि १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नडसन याने साखर घातलेल्या माध्यमावर, बुरशीशिवाय, प्रयोगशाळेत बी रुजवून दाखवले. आज बाजारात मिळणाऱ्या शोभेच्या आमरी त्याच वाटेने येतात. रानात मात्र लाखांतील एखादेच बी रुजते आणि फुलावर यायला त्याला अनेक वर्षे लागतात. एक कंद उपटणे आणि एक गाजर उपटणे यांत हा फरक आहे.

परतताना एका प्रचंड मोहाच्या बुंध्याशी थांबलो. बुंध्याला शेंदूर होता, आणि वर तीन ठिकाणी व्हँडाचे झुबके होते. एकावर उशिरा आलेली चार फुले अजून टिकून होती. मला मामाजींच्या धुऱ्यावरचा मोह आठवून क्षणभर बोलता येईना. "हा बांदा तोडत नाही का?" मी विचारले. बाबा म्हणाले, "ज्या मोहावर बांदा, तिथं देवाची बैठक. त्याच्याखाली आग नाही लावत. झाडून घेतो." हे ऐकून मैत्रिणीने माझ्याकडे पाहिले. मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून मार्चएप्रिलमध्ये झाडाखालचा पालापाचोळा पेटवण्याची प्रथा मध्य भारतात सर्वत्र आहे, आणि त्या आगीत झाडाखालचे कंद, कोवळी रोपे आणि बुरशी सारेच होरपळते. शेंदूर लावलेल्या मोहाखालची जमीन काळी, भुसभुशीत होती, आणि अंगठ्याएवढ्या पानांची, कदाचित हाबेनारिया या जमिनीवरच्या आमरीची, सातआठ रोपे तेथे आम्ही मोजली.

संध्याकाळी निरोप घेताना मैत्रिणीने बाबांना विचारले की हे शिकतो आहे का कोणी. त्यांनी नातवाकडे बोट दाखवले. तो परतवाड्याला शिकतो, सुट्टीत येतो. "त्याले दगड ठाव हाय. नेवता ठाव नाही," ते म्हणाले.

चौथा दिवस, सोमवार : पाऊस

दिवसभर पाऊस होता. १८०३ च्या डिसेंबरात ब्रिटिश सेनापती आर्थर वेलस्ली याने जिंकलेल्या गाविलगडावर जायचे ठरले होते, ते सोडून दिले. दुपारी धुके जरा विरळ झाल्यावर भीमकुंडापर्यंत जाऊन आलो. कीचकाला मारून भीमाने येथे हात धुतले आणि कीचकदऱ्याचा चिखलदरा झाला, असे सांगतात. दरीच्या काठावर रायमुनियाची, म्हणजे घाणेरीची, झुडपे इतकी माजली होती की जमिनीवर दुसरे काही उगवायला जागाच नव्हती. कंद खणणाऱ्यांवर आपण पटकन बोट ठेवतो, पण या परदेशी झुडपाच्या सावलीत किती आमरी गुदमरल्या असतील याचा हिशेब कोणाच्या वहीत नसतो.

उरलेला वेळ मी कायद्याच्या टिपणांवर घालवला. भारत १९७६ पासून वन्य प्राणी आणि वनस्पतींच्या व्यापारावरील साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराचा सदस्य आहे आणि आमरी कुळातील सर्वच जाती त्याच्या सूचींत असल्यामुळे रानातून काढलेल्या कंदांच्या परदेशी व्यापारावर नियंत्रण आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात मात्र नावानिशी आलेल्या आमरी मोजक्याच. देशातील सुमारे साडेबाराशे जातींपैकी बहुतेकींचे भवितव्य त्या ज्या जंगलात आहेत त्या जंगलाच्या व्यवस्थेवर अवलंबून आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक गावाला लोक जैवविविधता नोंदवही ठेवण्याची सोय दिली. कालच्या बाबांचे तीन दगड आणि नेवता त्या वहीत यावेत असे मला वाटते, पण जागा न लिहिता. नियम सगळ्यांना कळावेत आणि पत्ता कोणालाच कळू नये अशा रीतीने. मैत्रिणीचे मत वेगळे पडले. लिहिले की ते बाहेर जाते, असे ती म्हणाली. रात्री जेवतानाही आमचे त्यावर एकमत झाले नाही.

पाचवा दिवस, मंगळवार : परतीची वाट

उतरताना परतवाड्याजवळच्या पायविहीर गावावरून आलो. या गावाने २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून उजाड जंगल पुन्हा उभे केले, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी स्वतः ठरवली, आणि तेथील सीताफळे 'नॅचरल्स मेळघाट' या नावाने बाजारात गेली. आमरी पाहायला कोणी पायविहीरला जाणार नाही. तरीही मला ते गाव या प्रवासाच्या आत वाटले, कारण काय काढायचे, कधी काढायचे आणि किती सोडायचे हे ठरवणारे लोक तेथे जंगलाच्या काठावर राहतात. भुमक्याचा नियम एका माणसाबरोबर संपू शकतो. ग्रामसभेचा ठराव त्यापेक्षा थोडा अधिक टिकतो.

नागपूरला पोचेपर्यंत दिवेलागण झाली. आईच्या गुडघ्यांसाठी महारास्नादी काढा चालू आहे, तिने बाटली पुढे केली आणि यातली रास्ना म्हणजे मामाच्या मोहावरची का, असे विचारले. मैत्रिणीने समजावून सांगितले की बंगालात व्हँडालाच रास्ना म्हणून वापरत आले आहेत, दक्षिणेत कुलिंजन घेतात, आणि औषधसंहितेने मान्य केलेली रास्ना म्हणजे प्लुचिया लॅन्सिओलाटा ही उत्तरेकडच्या मैदानातील झुडपाची पाने. "म्हणजे माझ्या गुडघ्यांसाठी तो बांदा कोणी तोडत नाही ना?" आईने पुन्हा विचारले, आणि नाही हे उत्तर मिळाल्यावरच तिने चमचा तोंडात घातला.

सहावा दिवस, बुधवार : पुन्हा रामटेक

सकाळी एकटीच शेतावर गेले. काथ्याची दोरी आणि नारळाची शेंडी बरोबर होती. बेचक्यातील तो तुटका गड्डा हलू नये म्हणून मामाजींनी शिडी धरली आणि मी त्याला शेंडीच्या आधाराने फांदीशी बांधले. सैल, पण वाऱ्याने निसटणार नाही इतपत. सालदार खाली उभा राहून पाहत होता. मी त्याला मुळावर पाणी घालून दाखवले, रंग कसा बदलतो ते समजावले, बांडगुळाची मुळे फांदीच्या आत शिरतात आणि ही बाहेरच राहतात हेही फांदी दाखवून सांगितले. त्याने नीट ऐकून घेतले, वर चढून स्वतः बोटाने मूळ चाचपले आणि म्हणाला, "हे तं नुसतं बसून हाय."

मग मामाजींनी घरातून शेंदूर आणला. मी काही म्हणायच्या आत त्यांनी मोहाच्या बुंध्याला एक बोट लावले. सालदाराने पायातल्या चपला बाजूला काढल्या आणि विचारले, "आता देवाचा झाला का हा?" मामाजींनी माझ्याकडे पाहिले. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, आणि तरी मी हो म्हणाले.

निघण्यापूर्वी शिडीवर चढून मी गड्डा पुन्हा पाहिला. दोन पानांच्या खालून एका नव्या मुळाचे टोक बाहेर येत होते, साधारण तांदळाच्या दाण्याएवढे, हिरवे. मामाजींना दर रविवारी त्याचे माप घ्यायला सांगितले आहे.